चुलीमागचा डबा आणि बँकेचा उंबरठा



गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. बोलणारे बहुधा महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे असतात. त्यांना एकदा शेतमजुराच्या घरचा जमाखर्च मांडायला सांगावे. काढणीच्या दिवसांत पंधरा-वीस दिवस हाताला काम, मग महिनाभर हात रिकामे. पाऊस लागला की काम बंद, पाऊस हटला तरी काम बंद. पैसा येतो तो कधी शंभर, कधी तीनशे, कधी काहीच नाही. चूल मात्र रोज पेटवावी लागते. पगारदाराला वर्षातून बारा वेळा हिशेब करावा लागतो, मजुराच्या कारभारणीला तो रोज करावा लागतो. तिला पैशाचे कळत नाही असे म्हणणे म्हणजे रोज विहिरीचे पाणी शेंदणाऱ्याला पाण्याची किंमत शिकवण्यासारखे आहे.

बचत तर घरोघर असतेच. चुलीमागच्या डब्यात असते, उतरंडीच्या तळच्या मडक्यात असते, लुगड्याच्या घडीत असते. कुणी शेजारणीकडे ठेवते, कुणी भिशीत घालते, कुणी शेळी घेऊन दावणीला बांधते. पण या प्रत्येक जागेला काही ना काही खोट आहे. डब्यातला पैसा पाहुणा आला की निघतो, पोराने हट्ट केला की निघतो, घरधन्याला बाटलीची सवय असेल तर रात्रीतून निघतो. भिशीचा नंबर लागेपर्यंत नड थांबत नाही. आणि औषधाला दोनशे रुपये हवे असतील तर शेळीचा एक पाय काही विकता येत नाही. अख्खी शेळी पडत्या भावाने द्यावी लागते.

मग उरतो तो सावकार. तो शेकडा तीन म्हणतो, शेकडा पाच म्हणतो. ऐकायला आकडा लहान, पण तो महिन्याचा असतो. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ. शंभर रुपये घेतले आणि वर्षाने एकदमच फेडले, तर एकशेसाठ मोजायचे. ज्याच्याकडे नडीला ठेवलेली थोडीशी गंगाजळी आहे त्याला हे साठ द्यावे लागत नाहीत. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. गरिबाला कर्ज हवेच, पण त्याच्याही आधी हवी ती लहान बचत निर्धास्तपणे ठेवण्याची आणि हवी तेव्हा काढण्याची जागा. ही गोष्ट कळायला शहाण्यासुरत्या माणसांनाही शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. तो इतिहास थोडक्यात पाहू.

सुप्याच्या बाजारापासून

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांचा राग माणसांवर होता त्याहून कागदांवर अधिक होता. खते आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील बऱ्याच गावांत पसरले. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कायद्याने सावकाराचा हात काहीसा बांधला. पण बी-बियाण्याला, बैलाला पैसा लागला तर शेतकऱ्याने जायचे कुठे, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

ते उत्तर जर्मनीतून आले. तिथे रायफायझेन नावाच्या गृहस्थाने खेड्यातल्या शेतकऱ्यांना एकत्र करून, सर्वांनी सर्वांची हमी घ्यायची अशा पतपेढ्या काढल्या होत्या. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आज गावोगावी दिसणाऱ्या सोसायटीचे मूळ तिथे आहे. परंतु पन्नास वर्षांनी, १९५४ साली, ग्रामीण कर्जाच्या पाहणीचा अहवाल निघाला तेव्हा डोळे उघडले. शेतकरी जे कर्ज काढत होता त्यातले शंभरांतले सुमारे तीन रुपये सहकारी संस्थांकडून येत होते, सुमारे तीन सरकारकडून, आणि बँकांकडून तर एक रुपयाही पुरता नव्हता. सत्तरच्या आसपास रुपये सावकारांचेच होते.

पुढे १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, बँकांच्या शाखा खेड्यांकडे वळल्या. मोठेच काम झाले. तरी बँकेच्या खिडकीवर तीन प्रश्न विचारले जात. सातबारा आहे का? जामीन आहे का? सही येते का? ज्याच्याकडे चार एकर बागायत होती तो आत गेला. भूमिहीन मजूर, खुरपायला जाणारी बाई, भाजीची पाटी घेऊन बसणारी विधवा उंबरठ्याबाहेरच राहिली. बाईने जन्मभर रान कसले तरी सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. तिथे तिला कोण विचारणार?

सही न येणाऱ्या बायकांची बँक

हा उंबरठा बायकांनीच ओलांडला. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेत भाजीवाल्या, जुने कपडे विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या बाया होत्या. १९७४ साली चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये काढून स्वतःची सहकारी बँक उभी केली. संस्थापक बायकांना सही येत नाही म्हणून नोंदणीला अडचण आली, तेव्हा त्या रात्रभर बसून आपले नाव गिरवायला शिकल्या. पुढे ज्यांना सही येत नव्हती त्यांची ओळख फोटोवरून पटवण्याची रीत बँकेने पाडली.

आपल्या मुलखातले उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे. माण तालुका म्हणजे दुष्काळ पाचवीला पुजलेला. तिथे रस्त्याकडेला पाल ठोकून लोहारकाम करणारी एक बाई होती. पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा म्हणून ती रोजच्या कमाईतले थोडे थोडे साठवू पाहत होती. बँकेने तिचे खातेच उघडले नाही, रक्कम फार लहान म्हणून. तिने कर्ज मागितले नव्हते की अनुदान मागितले नव्हते. आपलाच पैसा ठेवायला जागा मागितली होती, तीही मिळाली नाही.

चेतना सिन्हा यांनी गावच्या बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे गेलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जावर अंगठे होते. काही महिन्यांनी त्याच बाया पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्हाला वाचता येत नाही, पण मोजता येते. कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय सांगायला लावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. मग बायांनी आणखी एक गोष्ट बँकेला शिकवली. बँकेत यायचे म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडवायचा, तर बँकेनेच आमच्या दारी का येऊ नये? तेव्हा बँक दारी जाऊ लागली, बाजारात जाऊ लागली. उंबरठा असा मोडतो.

कर्ज ही दुधारी विळी

बांगला देशातली गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. १९७४ साली तिथे दुष्काळ पडला. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे महंमद युनूस शेजारच्या जोबरा गावात फिरू लागले. तिथे बांबूची बैठी स्टुले विणणारी एक बाई भेटली. पाच टका बांबूला लागत, ते व्यापाऱ्याकडून घ्यायचे आणि संध्याकाळी स्टूल त्यालाच त्याच्या भावाने द्यायचे. दिवसभराच्या कष्टातून तिला अर्धा टका उरे. अशा बेचाळीस जणांची यादी झाली. सगळ्यांची मिळून गरज किती? ८५६ टका, म्हणजे त्या वेळचे सत्तावीस डॉलर. एवढ्याशा पैशापायी बेचाळीस माणसे व्यापाऱ्याच्या दावणीला बांधलेली होती. १९७६ साली युनूस यांनी ती रक्कम स्वतः दिली. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली. पाच-पाच जणींचे गट, तारण नाही, दर आठवड्याला हप्ता. २००६ साली युनूस आणि ग्रामीण बँक यांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. सुरुवातीला बायकांची बचत गटाच्या निधीत अडकून पडे, आपलीच असून हवी तेव्हा मिळत नसे. त्यावरून सभासदांची कुरकुर सुरू झाली. १९९८ च्या महापुरानंतर हप्ते थकले. तेव्हा २००१-०२ च्या सुमारास बँकेने नियम बदलले. अडचणीत हप्ता बदलून मिळू लागला आणि बचत मोकळी झाली. काही वर्षांतच बँकेतल्या ठेवी तिने दिलेल्या कर्जांहून अधिक झाल्या. ज्यांना जग फक्त कर्ज मागणारे समजत होते, ते पैसे ठेवायला रांगा लावून उभे राहिले.

उलटे उदाहरण आपल्या शेजारच्या आंध्राचे. तिथे लघुकर्ज देणाऱ्या खासगी कंपन्या गावोगावी शिरल्या. एका बाईला एकीने दिले, दुसरीने दिले, तिसरीने दिले. एकीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज, असे चक्र सुरू झाले. वसुलीला माणसे दारात बसू लागली. गटातल्या मैत्रिणीच एकमेकींना टोचू लागल्या. आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढून लगाम घालावा लागला. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कर्जांचा काळजीपूर्वक अभ्यास केला. चालू धंद्याला थोडी मदत झाली, पण गरिबी हटली असे काही दिसले नाही.

याउलट बचतीचे पाहा. आफ्रिकेतील केनियाच्या पश्चिम भागात बाजारात बसणाऱ्या बायकांना एका गावबँकेत खाती उघडून दिली. व्याज काही नव्हते, उलट पैसे काढायला शुल्क पडे. तरीही ज्यांनी खाती वापरली त्यांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि घरचा खर्चही त्यांना अधिक मोकळेपणाने करता आला. सायकलवरून माणसे वाहणाऱ्या पुरुषांनाही खाती दिली होती. त्यांच्यात मात्र फरक दिसला नाही. घरधन्यांनी यावर रागावू नये, विचार करावा.

त्याच केनियात मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू झाले. साध्या मोबाइलवरून पैसे पाठवायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात रोख घ्यायची किंवा भरायची. नैरोबीत कामाला गेलेला मुलगा गावाकडे आईला दोन मिनिटांत पैसे पाठवू लागला. घरात आजारपण आले, पीक बुडाले, तर नातेवाईक थोडे थोडे पाठवत आणि घर उपाशी राहत नसे. २०१६ साली अभ्यासकांनी हिशेब मांडला की या सोयीमुळे सुमारे १,९४,००० घरे, म्हणजे तिथल्या घरांपैकी दोन टक्के, गरिबीतून वर आली. कुणी कर्ज वाटले नव्हते. पैसा ठेवायला आणि हलवायला सोपी, जवळची, स्वस्त वाट मिळाली होती, इतकेच.

खाते उघडले, पुढे काय?

आपल्या देशात २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली. शिल्लक न ठेवताही खाते मिळू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये ही खाती ५० कोटींवर गेली, त्यांत निम्म्याहून अधिक बायकांची. म्हसवडच्या त्या बाईला जे नाकारले गेले ते आता हक्काने मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. पण जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत असे दिसले की भारतात दर शंभर खात्यांपैकी सुमारे ३५ खाती वर्षभर वापरलीच गेली नव्हती. खत पोत्यात पडून राहिले तर पिकाला काय उपयोग? शाखा लांब, रांग मोठी, साहेब घाईत, अंगठा यंत्रात उमटत नाही, पासबुक छापून मिळत नाही. आणि ज्या घरी खाते बाईचे पण कार्ड घरधन्याच्या खिशात, तिथे ते खाते नावापुरतेच.

म्हणून आपापल्या घरी काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, बचत लहान असली तरी ठरल्या दिवशी करावी. गावात बचत गट असेल तर त्यात नाव घालावे. नसेल तर दहा जणींनी बसून काढावा. आपल्या देशात १९९२ साली नाबार्डने अवघ्या पाचशे गटांना बँकांशी जोडून प्रयोग सुरू केला होता, त्याचा आज केवढा वृक्ष झाला आहे. गटाची पाच सूत्रे तोंडपाठ ठेवा. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वहीत हिशेब. पंधरा जणींनी आठवड्याला फक्त वीस रुपये टाकले तरी वर्षाला १५,६०० रुपये होतात. कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या पोराच्या फीला त्यातून हात मिळतो आणि व्याज गटातच राहते. वही मात्र दर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी. एकीच्याच घरी वही आणि तिच्याच मनात हिशेब, तो गट फार दिवस टिकत नाही.

दुसरी गोष्ट, व्याज विचारताना नुसता आकडा विचारू नका. ते सरळ आहे की उरलेल्या मुदलावर आहे, हे विचारा. समजा १२,००० रुपये कर्ज, बारा महिन्यांत फेड, दर बारा टक्के. ‘सरळ व्याज’ असेल तर वर्षाचे व्याज १,४४० रुपये. पण दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडत जाऊन उरलेल्या रकमेवरच व्याज घेतले, तर ते होते ७८० रुपये. दर दोन्हीकडे बाराच सांगतात, पैसे मात्र जवळजवळ दुप्पट जातात. पहिल्या कर्जाचा खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात पडतो. त्यावर फी, विमा, फॉर्मचे पैसे वेगळे. हातात किती आले आणि एकूण किती फेडायचे, या दोन रकमा कागदावर लिहून घ्या. सांगायला जो कचरतो त्याच्याकडून घेऊच नका.

तिसरी गोष्ट, एका वेळी एकच कर्ज. पहिले फेडायला दुसरे काढावेसे वाटले की समजावे, पाणी नाकाशी आले. त्या वेळी लपवू नये. गटात बोलावे, सोसायटीच्या सचिवाला विचारावे, बँकेत जाऊन हप्ता पुढे ढकलून मागावा. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्यात उशीर करू नये, आणि जवळचे कागद, पावत्या जपून ठेवाव्यात.

चौथी गोष्ट, दारी येणारा प्रत्येक जण आपला नसतो. दाम दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला ओसरीवरूनच वाटेला लावा. पश्चिम बंगालमध्ये २०१३ साली शारदा समूह कोसळला, तेव्हा लाखो गरिबांची पै-पै बुडाली. गोळा करायला येणारी माणसे ओळखीचीच होती. ठेव ठेवण्यापूर्वी विचारा, विमा आहे का? बँकांतील ठेवींना, सहकारी बँकांतीलही, २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. पतसंस्था वाईट असतात असे नव्हे, पण सगळी अंडी एका टोपलीत घालू नयेत.

पाचवी गोष्ट, बँक मित्राकडे अंगठा लावला की पावती घ्यावी. ‘उमटला नाही, पुन्हा लावा’ असे म्हणाले तर आधीचा व्यवहार झाला की नाही हे पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नये. खात्याला वारसाचे नाव लावून घ्यावे. बाईचे पासबुक आणि कार्ड बाईपाशीच असावे. घरधन्यांनो, हे तुमच्यावर अविश्वास दाखवायला नाही. उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर घर चालवायला तिला बँकेची वाट ठाऊक असावी, म्हणून आहे.

सुप्याच्या शेतकऱ्यांना आपल्या नावाने काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी कागदच जाळले. आज आपल्या घरातली पोर शाळेत जाते. येत्या बाजारच्या दिवशी तिला बँकेत बरोबर न्या, पासबुक छापून घ्या आणि घरी आल्यावर त्यातली ओळ न् ओळ तिच्याकडून वाचून घ्या. कापलेला प्रत्येक रुपया कशाचा, हे कळले नाही तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारा. आपल्याच पैशाचा हिशेब विचारायला संकोच कसला?